ओळीतली तिसरी

सुलेखा लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीने आली होती आणि तिच्या आजीचा आवाज संगणकात नव्हता.

गुलमंडीमागच्या गल्लीत आमचं वाचनालय आहे. त्याच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीपाशी, मी तिला शेजारी बसवून तेच नाव पाचव्यांदा शोधत होतो. चंपाबाई, दाखल क्रमांक २११७. यादी २०७६ वर संपत होती. पुढच्या एक्केचाळीस मुलाखती कधी झाल्याच नव्हत्या अशा थाटात संपत होती. मी चष्मा पुसला, यादी वर नेली, पुन्हा खाली आणली. सुलेखा पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती दवाखान्यात नर्स आहे, वाट बघायची तिला सवय असावी.

तिला मीच बोलावलं होतं. नोव्हेंबरमध्ये फोन करून सांगितलं होतं की तुमच्या आजीची कॅसेट सापडली आहे, आवाज स्वच्छ आला आहे, सवडीने या आणि घेऊन जा. तिच्या वडिलांना, मोतीरामांना, एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसरा कानही जात चालला आहे. तो कान आहे तोवर आईचा आवाज ऐकायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी तिने रजा टाकली होती.

ती कॅसेट मी १९९७ साली भरली होती, कन्नडच्या घाटाखालच्या एका वस्तीवर. तेव्हा सुट्टीच्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन मी म्हाताऱ्या माणसांसमोर जाऊन बसत असे. मला बोलता येत नाही, म्हणून लोक माझ्याशी बोलत. त्या कामाला माझी दुसरी काही लायकी नव्हती. अठ्ठावीस वर्षं कॅसेट कपाटात पडून राहिली. फीत चिकट झाली होती. यंदा ती एकदाच वाजवून संगणकात उतरवली आणि दुसरी बाजू संपता संपता फीत तुटली. तिची तपकिरी भुकटी माझ्या बोटांना लागली. आता तो आवाज एकाच जागी होता.

त्यात काय आहे ते सांगतो. बहात्तरच्या दुष्काळात चंपाबाई खडी फोडायला जात. मुकादमाला बायकांची नावं लिहायचा कंटाळा. सकाळी ज्या ओळीने बसतील त्या ओळीने तो पहिली, दुसरी, तिसरी म्हणे. चंपाबाई रोज तिसऱ्या बसत. एके दिवशी पोराला ताप होता म्हणून त्यांना उशीर झाला. त्या शेवटाला बसल्या आणि तिसरी जागा दगडाबाईने घेतली. दुपारी सुरुंगाचा दगड उडून दगडाबाईच्या डोक्यात बसला. मुकादमाने गडी पिटाळला, तिसरी गेली म्हणून घरी सांग. गडी कालच्या ओळखीने चंपाबाईंच्या घरी गेला. दिवस मावळताना त्या घरी पोचल्या तर अंगणात बायका रडत होत्या आणि सात वर्षांचा मोतीराम, तापाने फणफणलेला, दाराची चौकट धरून उभा होता. आईला बघून तो घाबरून आत पळाला. दगडाबाईच्या घरी कुणी गेलंच नव्हतं. तिच्या सासूने तिच्या वाटची भाकरी झाकून ठेवली होती.

हे सांगताना चंपाबाई रडल्या नाहीत. त्यांचा राग पंचवीस वर्षांनी तसाच होता. मला तेव्हा तो राग जरा जास्त वाटला होता, हेही कबूल करतो.

आता यंत्राबद्दल. आमच्या संगणकाच्या डब्यात तीन डिस्क आहेत. पहिलीवर त्याची स्वतःची यंत्रणा, म्हणजे लिनक्स. दुसरीवर आमच्या मुलाखती. तिला आम्ही ‘मूळ’ म्हणतो. तिसरी ‘प्रत’. लिनक्स त्यांना एसडीए, एसडीबी, एसडीसी म्हणतं. पण ही नावं त्या डिस्कची नसतात. यंत्र सुरू होताना जी आधी सापडेल ती ए, मग सापडेल ती बी, मग सी. यंत्रणेचा जो गाभा असतो, कर्नल, त्याची नवी आवृत्ती आली की शोधायची रीत बदलू शकते, आणि मग कालची बी आज सी होते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, भोगलेलं आहे. सतरा-अठरा वर्षांपूर्वी नव्या कर्नलनंतर आमच्या पहिल्या संगणकातल्या सगळ्या डिस्कची नावं बदलली होती आणि मी आठ दिवस डोकं धरून बसलो होतो.

न बदलणारं असंही डिस्कजवळ काहीतरी असतं. कारखान्यातून आलेला क्रमांक असतो, आणि ती वापरायला तयार करताना तिच्यावर कोरला जाणारा एक लांबलचक आकडा असतो. त्या आकड्याने बोलावलं की ती कुठेही बसलेली असो, तीच येते. माझ्यासारख्या ग्रंथपालाला हे शिकवावं लागत नाही. पुस्तक कुठल्या कपाटात आहे त्यावरून कुणी पुस्तक ओळखत नाही. रंगकाम निघालं की कपाटं हलतात. दाखल क्रमांक हलत नाही.

आमचा संगणक सोमनाथ सांभाळतो. पस्तिशीचा आहे, शहरातल्या दहा-बारा संस्थांची कामं त्याच्याकडे आहेत. दर तीन महिन्यांनी प्रत काढायचा त्याने एक प्रोग्राम लिहून ठेवला आहे. एसडीसी साफ पुसायची आणि एसडीबी तिच्यावर उतरवायची. ऑगस्टमध्ये तो प्रत काढायला आला तेव्हा मी त्याला चिठ्ठी लिहून दिली. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. ‘आपल्याला योग्य वाटल्यास, सवडीने, डिस्कची नावं ए-बी-सी ऐवजी त्यांच्या कायमच्या आकड्यांनी लिहिण्याचा विचार व्हावा, ही विनंती.’ त्याने चिठ्ठीवर चहाचा ग्लास ठेवला. म्हणाला, “काका, एसडीबी म्हणजे एसडीबी. दस साल से चल रहा है.”

मी म्हणालो, “हो, बरोबर.”

सोमनाथचा मला राग येतो, पण त्या ‘हो, बरोबर’चा जास्त येतो. त्याच आठवड्यात माझा पासवर्ड काढून घेतला गेला. काकांच्या हातून काही उडायला नको, असं कारण मागाहून कानावर आलं. त्यालाही मी मान डोलावली. तेव्हापासून मला ‘मूळ’ बघता येते, तिच्यात भर घालता येते, ‘प्रत’ उघडता येत नाही.

गेल्या सोमवारी सोमनाथने येऊन यंत्रणा नवी केली. बुधवारी सुलेखा आली.

मी फोन केल्यावर बाराच्या सुमाराला तो आणि तात्यासाहेब दोघेही आले. तात्यासाहेब आमचे अध्यक्ष. वैजापूरला त्यांची कांद्याची आडत आहे, शेती आहे, आणि वाचनालयावर त्यांचा खरोखर जीव आहे. फक्त त्यांनी इथलं पुस्तक कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. त्यांनी उभ्यानेच सगळं ऐकून घेतलं आणि खंडेनवमी काढली.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्राची पूजा होते. तात्यासाहेबांचाच तो आग्रह. यंदा त्यांनी सांगितलं की नुसतं वरून कुंकू लावू नका, डबा उघडा, आतली धूळ पुसा, आतल्या वस्तूंनाही हळदकुंकू लागू द्या. मी डबा उघडला. तिन्ही डिस्क माझ्या हाताने बाहेर काढल्या, पुसल्या, पूजा झाल्यावर माझ्याच हाताने परत बसवल्या. ते आता त्यांनी सुलेखासमोर एकेक करून आठवून सांगितलं. तुम्हीच कुठंतरी उलटंसुलटं जोडलं असणार, आणि त्यात हे उडालं.

मला ते पटलं. माझे हात थरथरतात. वायर कोणत्या खाचेतून काढली आणि कोणत्या खाचेत घातली हे छातीठोकपणे सांगणारा मी माणूस नाही. सोमनाथने तेवढ्यात दुसरी शक्यता मांडली, की मी ती मुलाखत उतरवलीच नसेल. कॅसेट ऐकली असेल, मनात राहिली असेल. “काका, सपने में सुना होगा,” असं म्हणून तो हसला, आणि सुलेखाकडे बघून पुन्हा हसला.

सुलेखाने माझ्याकडे पाहिलं. हा म्हातारा आपल्याला रजा टाकायला लावून इथे आणतो आणि त्याच्याजवळ काही नसतं, असं तिला वाटत असेल तर तिची चूक नव्हती. त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं.

तात्यासाहेबांनी विषय मिटवला. जे गेलं ते गेलं, उरलंय ते तरी जपा. प्रत काढायची राहिली आहे ना? मग आत्ताच काढ. सोमनाथने माझी खुर्ची ओढून घेतली. मी बाजूला झालो.

मी कपाटाकडे गेलो. धाडसाने नव्हे, मला सुलेखाच्या नजरेसमोरून हटायचं होतं. वाटलं, निदान दाखल नोंदवही दाखवावी, तिच्या आजीचं नाव आमच्याकडे लिहिलेलं आहे हे तरी तिला दिसेल. नोंद सापडली. २११७, चंपाबाई, मुक्काम, तालुका, आणि उतरवल्याची तारीख बारा नोव्हेंबर.

बारा नोव्हेंबर.

खंडेनवमी एक ऑक्टोबरला होती. मी त्या दिवशी डिस्क चुकीच्या जोडल्या असत्या, तर ही यादी तेव्हाच २०७६ वर येऊन थांबली असती. पण नोव्हेंबरात संगणकातल्या यादीत मी २११६ च्या खाली २११७ लिहिलं होतं. ते २११६ तेव्हा पडद्यावर माझ्यासमोर होतं. म्हणजे खंडेनवमीनंतर सहा आठवडे सगळं जागच्या जागी होतं. मी स्वतःवर विश्वास ठेवायला नाखूश असतो, म्हणून तारखा दोनदा वाचल्या. तारखा बदलल्या नाहीत.

मग पान उलटलं. आमच्या वाचनालयात कुठलीही वस्तू दाखल क्रमांकाशिवाय राहत नाही, घड्याळसुद्धा. खंडेनवमीला डिस्क हातात आल्या होत्या तेव्हा मी त्यांच्याही नोंदी केल्या होत्या, कारखान्याच्या क्रमांकासकट. मूळ, शेवटचे आकडे ४४७१. प्रत, शेवटचे आकडे ९०३८. आणि खिशात सकाळचा कागद होता. यादी सापडेना तेव्हा मी यंत्राला विचारलं होतं, तुझ्याकडे कोण कोण आहे; तेवढं विचारायला पासवर्ड लागत नाही. त्याने सांगितलेलं मी सवयीने उतरवून घेतलं होतं आणि त्याचा अर्थ लावायचा राहून गेला होता. एसडीबी, ९०३८. एसडीसी, ४४७१.

काल दुसरी बसणारी आज तिसरी बसली होती. सोमवारच्या नव्या कर्नलने त्यांना वेगळ्या ओळीने शोधलं होतं. मी सकाळपासून ‘मूळ’ म्हणून जी उघडत होतो ती ऑगस्टमधली प्रत होती, म्हणून यादी ऑगस्टमध्ये संपत होती. चंपाबाई गेल्या नव्हत्या. चंपाबाई तिसऱ्या जागी होत्या. आणि सोमनाथ तिसरी पुसायला बसला होता.

मी थांब म्हणालो. निदान म्हणायला गेलो, घशातून काही आलं नाही. पडद्यावर यंत्राने विचारलं होतं की एसडीसी पुसायची, खात्री आहे का. सोमनाथने होकाराचं अक्षर टाइप केलेलं मला दिसलं. एन्टर दाबायचा राहिला होता, कारण तो तात्यासाहेबांना जेवायला कुठे जायचं ते सांगत होता.

मी डब्याच्या मागे हात घातला, कीबोर्डची वायर उपसली, आणि त्याच्या बोटांखालून कीबोर्ड काढून काखेत धरला.

सोमनाथ काही वेळ टेबलावरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला.

“काका, कीबोर्ड द्या.”

“नाही.”

“बद्रीनाथराव,” तात्यासाहेब म्हणाले, “पोरीसमोर काय हे? पाटी हिसकल्यावानी.”

“नाही देणार.” माझा आवाज चिरकत होता, पण आता तो निघाला होता आणि थांबवणं मला जमेना. “याची तिसरी आज तिसरी नाही. सोमवारी याने कर्नल बदलला आणि बदलल्यावर कोण कुठे बसलंय ते पाहिलं नाही. दोन आकडे वाचायचे होते. हे बघा, ही नोंद, हा कागद. हा मूळ पुसायला निघालाय. मला स्वप्न पडलं म्हणून सांगतोय आणि स्वतः... मी ऑगस्टमध्ये लिहून दिलं होतं याला. याने त्यावर चहा ठेवला.”

सोमनाथचा चेहरा उतरला नाही, हे त्याचं मला कौतुकच वाटतं. तो म्हणाला, नंबर लिहिताना काकांची चूक झाली असेल. म्हातारपणी चाराचा नऊ होतो.

हे त्याने अचूक साधलं होतं. चाराचा नऊ माझ्याकडून झालेला आहे. माझ्या काखेतला कीबोर्ड किंचित खाली आला.

तेव्हा सुलेखा पहिल्यांदा बोलली. ती उठून टेबलापाशी आली होती. “आमच्याकडं खाटेचा नंबर बघून सुई टोचत नाहीत, दादा,” ती सोमनाथला म्हणाली. “रात्रीतून खाटा बदलतात. आधी नाव इचारायचं, मग केसपेपर बघायचा, मग टोचायचं. तुम्ही कधी नाव इचारलं का यांना?”

“मॅडम, ही मशीन आहे.”

“मग सरांचं चुकलं असंल तर उघडून दाखवा की. न पुसता. बघायला काय जातंय?”

तात्यासाहेबांनी खुर्ची घेतली आणि बसले. ते आडतीवर बसणारे आहेत, गोणी न उघडता सौदा करत नाहीत. “दाखव रे,” ते म्हणाले.

मी अट घातली. माझ्या आयुष्यात मी घातलेली ती पहिली अट असावी. कळा सुलेखा दाबेल, सोमनाथ नाही. सोमनाथने फक्त पासवर्ड टाकायचा आणि हात मांडीवर ठेवायचे. मी वायर जोडली. आधी तो अर्धवट होकार रद्द करायला लावला. ती दोन कळा दाबेपर्यंत मी वायरीवरचा हात काढला नाही. मग ‘प्रत’ म्हणवणारी डिस्क नुसती वाचायला उघडली, आणि यादी खाली सरकत गेली. २०७६. २०७७. सुलेखा प्रत्येक ओळ पुटपुटत वाचत होती. सगळ्यात खाली २११७ होतं.

मग सोमनाथ म्हणाला, “नवीन कर्नलनं गडबड केली, काका. अपडेटमध्ये असं होतं कधीकधी.”

मला वाटलं होतं की आपण खरे ठरलो की राग उतरेल. तो चढला.

“कर्नलनं तुला वचन दिलं होतं?” मी म्हणालो. “ही नावं कायम राहतील असं त्याने कुठे लिहून दिलंय? त्याने तर कधीपासून सांगून ठेवलंय की यांच्यावर विसंबू नका. त्याला नाव सांगायचं काम तुझं होतं. तू ओळ मोजलीस. मुकादमासारखी.”

मुकादम कोण ते त्याला कळलं नाही. सुलेखाला कळलं असेल, असंही नाही. तिने अजून काही ऐकलंच नव्हतं. मी २११७ उघडायला सांगितलं.

आधी फितीची खरखर, मग कोंबडा, मग माझाच एक तरुण, घाबरलेला आवाज, काही विचारण्याआधी खाकरणारा. आणि त्यावर चंपाबाई.

“आधी माजं नाव लिव्ह. चंपाबाई. लिव्हलं का? दाव मला. मला वाचता येत नाय, पर लिव्हलेलं दिसतंय. आता दगडाबाईचं लिव्ह. तिचं आधी लिव्हायचं व्हतं खरं तर.”

सुलेखाने ओढणी तोंडाशी धरली. तिने ते थांबवायला सांगितलं. बाकीचं बाबांबरोबर ऐकीन, म्हणाली. तिने आणलेल्या पेनड्राइव्हवर मी ते उतरवून दिलं, आणि ते तिथे उघडतं आहे हे दोनदा तपासलं. तात्यासाहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की झालं गेलं विसरा, चला, जेवायला चला सगळे. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे. मला माझा पासवर्ड हवा आहे. ते माझ्याकडे बघत राहिले. मी नजर खाली नेली, पण मागणी मागे घेतली नाही. शेवटी त्यांनी सोमनाथला मान हलवून सांगितलं.

मग मी सोमनाथला खुर्चीत बसवलं. एसडीबी, एसडीसी जिथे जिथे लिहिलं होतं तिथून काढायला लावलं. यंत्रणा सुरू होताना ज्या यादीवरून डिस्क जोडते तिथे, आणि त्याच्या त्या पुसणाऱ्या प्रोग्राममध्येही. त्या जागी दोन्ही डिस्कचे कायमचे आकडे, छत्तीस-छत्तीस अक्षरांचे. मी एकेक अक्षर वाचलं, त्याने टाइप केलं, सुलेखाने पडद्यावरून उलट वाचून दाखवलं. त्याने मध्ये एकदा म्हटलं की हे कॉपी करून चिकटवता येतं, काका. मी म्हणालो, माहीत आहे. टाइप कर.

झाल्यावर संगणक बंद करून सुरू केला. एसडीबी ९०३८, एसडीसी ४४७१, आणि ‘मूळ’मध्ये २११७ जागेवर. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. या वेळी त्यांची अदलाबदल झालेली होती, एसडीबी ४४७१, एसडीसी ९०३८. सोमनाथ पुढे वाकून ते बघत राहिला. ‘मूळ’ उघडली. २११७ तिथेच होतं.

दोन वाजून गेले होते. सुलेखाची गाडी होती. ती पिशवीत पेनड्राइव्ह आतल्या कप्प्यात ठेवून निघाली, आणि जिन्यावरून परत वर येऊन म्हणाली की बाबांनी ऐकलं की फोन करते. सोमनाथने बॅग उचलली. त्याला भूक लागली असणार, मलाही लागली होती.

“झालं ना काका? निघू?”

नोंदवही माझ्यासमोर उघडीच होती.

“अजून एकदा बंद कर,” मी म्हणालो. “आणि सुरू कर.”